मलिहाबादच्या आमराईत जाताना

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथून हरदोईकडे जाणाऱ्या मार्गावर, शहराच्या वायव्येस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर मलिहाबाद हे तालुक्याचे गाव आहे. काकोरी मागे पडताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा सुरू होतात आणि मलिहाबाद व माल परिसरात त्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या दिसतात. जुन्या बागांमधून झाडांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतले आहेत की जूनच्या भर दुपारीही आत मंद हिरवा उजेड असतो. प्रथमच येणाऱ्याला आपण एखाद्या वर्षावनात शिरलो आहोत असा भास होतो.

हा भास अगदीच निराधार नाही. आंबा हा मुळात दमट उष्ण प्रदेशातील सदाहरित वनांचा वृक्ष आहे. ईशान्य भारत, म्यानमार आणि लगतच्या प्रदेशात त्याचे मूळ असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आंब्याच्या कुळातील अनेक जाती आजही मलाया आणि इंडोनेशियाच्या वर्षावनांत आढळतात. मेघालयातील गारो टेकड्यांमध्ये दामलगिरीजवळ आंब्याच्या पानाशी साधर्म्य असलेल्या पानाचे सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले. त्याचा अभ्यास लखनौच्याच बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मलिहाबादला निघण्यापूर्वी या संस्थेचे जीवाश्म संग्रहालय पाहता आले, तर पुढील प्रवासाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

लखनौ परिसरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, हिवाळ्यात धुके असते आणि मे महिन्यात लू वाहते. वर्षावनाशी या हवामानाचे काही नाते नाही. तरीही वनातला हा वृक्ष येथे अधिक चांगला फळतो, याचे कारण या कोरड्या थंडीतच आहे. बारमाही ओलाव्यात आंब्याला पालवी फुटत राहते, मोहोर मात्र बेताचाच येतो. थंडी आणि कोरडेपणाचा ताण बसला की झाड मोहोरावर येते.

वन आणि बाग यांतील दुसरा भेद मात्र सहजासहजी लक्षात येत नाही, आणि मलिहाबादला जाणाऱ्याने तोच लक्षात घ्यावयास हवा. वर्षावनात एका एकरात कितीतरी जातींची झाडे उभी असतात. मलिहाबादच्या बागांतून मैलोन् मैल चालले तरी बहुतांश झाडे एकाच वाणाची, दशहरीची, असतात. दशहरी कलमानेच वाढवली जाते. म्हणजे खुंट निराळा असला, तरी वरचा सर्व विस्तार मूळ झाडाच्याच फांदीचा असतो. या अर्थाने येथील लाखो झाडे हे एकाच वृक्षाचे विस्तारलेले रूप होय.

तो मूळ वृक्ष पाहता येतो. काकोरीजवळच्या दशहरी गावात तो उभा असून, या वाणाला गावावरूनच नाव मिळाले. झाडाचे वय दोनशे वर्षांच्या आसपास असावे, असे मानले जाते. ते अजूनही फळते. भेट देणाऱ्यांनी बुंध्यावर नावे कोरणे, फांद्यांना लोंबकळणे किंवा आठवण म्हणून डहाळी तोडणे कटाक्षाने टाळावे. असल्या उत्साहाने जुन्या झाडांचे किती नुकसान होते, हे आपल्याकडील किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना सांगावयास नको. याच वाटेवर काकोरी आहे. क्रांतिकारकांनी ९ ऑगस्ट १९२५ रोजी येथे रेल्वेतील सरकारी खजिना ताब्यात घेतला होता.

केव्हा जावे

मोहोर पाहावयाचा असेल, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ उत्तम. फळांसाठी मात्र जूनपर्यंत थांबावे लागते. कोकणातील हापूसचा हंगाम पावसाच्या चाहुलीने आटोपत येतो, त्याच सुमारास मलिहाबादची दशहरी बाजारात उतरू लागते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून जुलैच्या प्रारंभापर्यंत तिचा भर असतो. तिच्या आधी ‘बंबई’ नावाचा हिरवट साल असलेला आंबा येतो. मुंबईच्या बाजारात त्याला कोणी ओळखणार नाही, हा भाग निराळा. दशहरीमागोमाग लंगडा, लखनौ सफेदा आणि शेवटी जुलै-ऑगस्टमध्ये चौसा असा क्रम लागतो.

जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. बागेत जावयाचे तर सकाळी लवकर निघावे. तोडणीही त्याच वेळी चालते. पाणी बरोबर असावे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद पादत्राणे असावीत. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की बागेतील गवत वाढते आणि सापांचा वावर वाढतो. मुंबईहून येणाऱ्यांसाठी लखनौपर्यंत पुष्पक एक्सप्रेस आहे. मलिहाबाद हे लखनौ-हरदोई लोहमार्गावरील स्थानक असले, तरी तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे लखनौहून रस्त्याने जाणे सोयीचे ठरते.

बागेत वावरताना

वर्षावनात जाणाऱ्याला पायवाट सोडू नये, अनोळखी फळाला हात लावू नये, माहीतगाराशिवाय आत शिरू नये, असे सांगितले जाते. हे तिन्ही नियम आमराईतही पाळावेत. कारणे मात्र वेगळी आहेत.

येथे अनेक बागांचा बहार फळे धरण्यापूर्वी किंवा कैऱ्या लहान असतानाच व्यापाऱ्यांना विकला जातो. जमीन एकाची आणि त्या वर्षीची फळे दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे. बागमालकाने आनंदाने आत बोलावले, तरी झाडावरील फळावर त्याचा अधिकार असेलच असे नाही. राखणदार अडवतो तो याच कारणाने. खाली पडलेला आंबासुद्धा विचारूनच उचलावा. सहसा नकार मिळत नाही.

फवारणी झालेल्या बागेत जाऊ नये. मोहोर आणि कैरीच्या काळात तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांच्यासाठी औषधांचे अनेक हात दिले जातात. शेवटची फवारणी केव्हा झाली, हा प्रश्न प्रवेशद्वारापाशीच विचारलेला बरा. काही बागांतून फळांना कागदी पिशव्या बांधलेल्या दिसतील. कीड व डाग यांपासून फळाला संरक्षण देणारी ही पद्धत अलीकडच्या वर्षांत येथे रुजू लागली असून तिच्यामुळे फवारण्याही कमी कराव्या लागतात. कुतूहलापोटी पिशवी उघडून पाहू नये.

तोडणी पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे. लांब काठीला जाळी आणि पाते लावून फळ देठासह उतरवले जाते. कोकणातील झेल्याचाच हा भाऊबंद. देठ थोडा राखला नाही, तर चीक सालीवर ओघळतो आणि तेथे काळा डाग पडतो. हा चीक अंगावर उडाल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. तो लगेच पाण्याने धुवावा, डोळ्यांना हात लावू नये. आंबे खाण्यापूर्वी पाण्यात घालून ठेवण्याची घरोघरची रीत यासाठीही उपयोगी आहे.

एका झाडावरची आमराई

मलिहाबादमधील सर्वांत प्रसिद्ध झाड अब्दुल्ला नर्सरीत आहे. सातवीत शाळा सोडलेले बागवान हाजी कलीमुल्ला खान यांनी १९५७ मध्ये, किशोरवयात, एका झाडावर सात वाण बांधून पाहिले होते. ते झाड पाणी साचल्याने गेले. पुढे १९८७ पासून त्यांनी एका जुन्या वृक्षावर एकेक वाण बांधावयास प्रारंभ केला आणि त्याच्यावरील वाणांची संख्या ३०० च्या पुढे गेली. या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. आपण निवडलेल्या वाणांना त्यांनी सचिन तेंडुलकर, ऐश्वर्या राय अशी नावे दिली, त्यामुळे वृत्तपत्रांतून या झाडाची वर्णने सातत्याने येत राहिली.

नावांच्या गमतीत झाडाचे खरे महत्त्व काहीसे झाकले जाते. फळांचा हंगाम नसेल तेव्हाही तेथे जावे आणि पाने पाहावीत. एका फांदीवर अरुंद व लांब, शेजारच्या फांदीवर रुंद, कोठे कोवळी पालवी तांबूस तर कोठे फिकी हिरवी. बाहेरच्या बागांमधून मैलभर फिरूनही जे वैविध्य दिसत नाही, ते येथे एका बुंध्याभोवती फेरी मारल्यावर दिसते. फोटो काढावयास हरकत नसते, मात्र पूर्वपरवानगी घ्यावी. हे घर आणि व्यवसायाचे ठिकाण आहे, उद्यान नव्हे.

हेच वैविध्य शास्त्रीय पद्धतीने जतन करण्याचे काम काकोरीजवळ रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेत चालते. १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या प्रक्षेत्रावर आंब्याच्या सातशेहून अधिक नमुन्यांची झाडे राखलेली आहेत. अंबिका आणि अरुणिका हे लालसर सालीचे संकरित वाण येथलेच. भेटीसाठी संस्थेची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. ज्यांना तेवढा वेळ नसेल, त्यांना लखनौत जुलैमध्ये राज्य शासनातर्फे भरणारा आम महोत्सव पाहता येईल. अलीकडची काही वर्षे तो अवध शिल्पग्राम येथे भरत आला आहे. तेथे शेकडो वाण नावासह मांडलेले असतात.

दशहरीवरचा भार

एकाच वाणावर सारा प्रदेश अवलंबून असला की संकटेही एकदमच येतात. सर्व झाडे एकाच पंधरवड्यात मोहोरतात. त्यामुळे तेव्हाचा अवकाळी पाऊस किंवा तुडतुड्यांचा हल्ला साऱ्यांनाच गाठतो. फळेही तीन-चार आठवड्यांत एकदम बाजारात येतात आणि भाव कोसळतो. दशहरी एक वर्षाआड भरपूर फळते. मधल्या वर्षी बागवानाच्या हाती फारसे काही लागत नाही. वीटभट्ट्यांच्या धुराचा त्रासही दशहरीला विशेष होतो. त्यातील वायूंमुळे कैरीचे टोक काळे पडून फळ वाया जाते. बोरॅक्सची फवारणी हा त्यावरील परिचित उपाय असला, तरी भट्टी बागेपासून दूर असणे हाच खरा उपाय होय. लखनौ शहर या दिशेने वाढत असताना हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे.

‘मलिहाबादी दशहरी’ला २००९-१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले, परंतु त्यामागे झाकलेल्या इतर आंब्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कोयीपासून उगवलेल्या झाडांना येथे ‘तुख्मी’ म्हणतात. आपल्याकडचे रायवळ ते हेच. कोयीपासून आलेले प्रत्येक झाड वेगळे, म्हणून प्रत्येकाची चव वेगळी. बांधावर, तळ्याकाठी अशी जुनी झाडे अद्याप दिसतात. त्यांच्या फळांना बाजारात भाव नाही आणि लाकडाला मात्र आहे. भारत, इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड या चार देशांत २००९ मध्ये उष्ण प्रदेशातील फळझाडांच्या वैविध्याचे जतन करणारा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी भारतात निवडलेल्या ठिकाणांत मलिहाबादबरोबरच संत्र्यांसाठी अमरावतीचाही समावेश होता. तसेच पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांतील, लोणच्याच्या रानटी आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेले कर्नाटकातील शिरसीही त्यात होते.

म्हणून बागवानाशी बोलताना ‘दशहरी कशी दिली?’ या प्रश्नापाशी थांबू नये. तुमच्याकडे तुख्मी झाड आहे काय, त्याला घरात कोणत्या नावाने ओळखतात, त्याचा आंबा चोखावयाचा की लोणच्याचा, हे विचारावे. संभाषणाचा सूर तेथेच बदलतो. नाव सांगता सांगता ते झाड कोणी लावले, इथपर्यंत गोष्ट जाते. गोष्टी सांगण्याची या गावाची परंपरा जुनीच आहे. उर्दू कवी जोश मलिहाबादी येथलेच. पाकिस्तानात गेल्यानंतर ‘यादों की बारात’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या पूर्वायुष्याच्या आठवणी लिहिल्या.

खरेदी करताना

हापूसच्या केशरी रंगाची सवय असलेल्या ग्राहकाने येथे डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवावा. दशहरी पिकल्यावरही हिरवट-पिवळीच असते, लंगडा तर हिरवाच राहतो. देठाजवळचा सुवास आणि हाताला जाणवणारा मऊपणा हीच खूण. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. प्रवासात न्यावयाचे असल्यास पक्व पण टणक आंबे घेऊन घरी गवतात किंवा कागदात आढी घालणे श्रेयस्कर. पेटीच्या वरच्या थरासारखाच खालचा थर आहे की नाही, हे पाहण्यास संकोच करू नये.

दशहरीच्या पेटीबरोबर अन्य चार-सहा वाणांचे दोन-दोन आंबे मागून घ्यावेत. अशी मागणी होत राहिली, तर त्या झाडांना राखण्याचे कारण बागवानाला मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना रोपवाटिकांतून एखाद्या दुर्मिळ वाणाचे कलमही नेता येईल. कलमाचा जोड नीट भरून आला आहे ना आणि मुळांभोवतीचा मातीचा गोळा अभंग आहे ना, हे पाहून घ्यावे. गोळा ओल्या गोणपाटात बांधून कलम रेल्वेच्या डब्यात उभेच ठेवावे, आणि घरी पोहोचल्यावर लगेच न लावता आठवडाभर सावलीत राहू द्यावे.