खराडी परिसर : बिनतारी ब्रॉडबँड आणि रेडिओ-व्यत्यय

पुणे महानगरपालिकेच्या पूर्व हद्दीतील खराडी हे नगर रस्ता व मुळा-मुठा नदी यांच्या दरम्यानचे उपनगर. ईऑन आयटी पार्कमुळे त्याचा कायापालट झाला. लोहगाव विमानतळ येथून सरळ रेषेत सुमारे चार किलोमीटरवर आहे. जिओने 19 सप्टेंबर 2023 रोजी एअरफायबर सेवा सुरू केलेल्या पहिल्या आठ शहरांत पुणे होते. गच्चीवर किंवा गॅलरीच्या कठड्याला बसवलेला डबा टॉवरकडून 5जी लहरी घेतो आणि तारेने घरातल्या राउटरला जोडलेला असतो. रस्ता खोदण्याची कटकट वाचते. भार मात्र रेडिओ-वर्णपटावर येतो आणि त्याची झळ विमानांपासून दुर्बिणींपर्यंत पोहोचू शकते.

विमानतळ. 5जीसाठी मुख्यतः वापरला जाणारा पट्टा 3300–3670 मेगाहर्ट्झचा, तर विमानाच्या रेडिओ उंचीमापकाचा 4200–4400 चा. मध्ये 530 मेगाहर्ट्झ मोकळे असतात. अमेरिकेत, जिथे 5जीमुळे उंचीमापकात व्यत्यय येतो का या वादाने विमानांची उड्डाणे रद्द होण्यापर्यंत मजल गेली, हे अंतर 220 होते. उंचीमापक चढत्या-उतरत्या कंप्रतेची लहर जमिनीकडे सोडतो. ती परतेपर्यंत पडलेल्या कंप्रतेच्या फरकावरून उंची निघते. उतरताना कॉकपिटमध्ये ऐकू येणारे ‘फिफ्टी, फॉर्टी, थर्टी’ हे आकडे त्याचेच. जुन्या उंचीमापकांचे फिल्टर ढिले असल्याने शेजारच्या पट्ट्यातील जोरकस लहरही आत शिरू शकते. दोष प्रक्षेपकाचा की ग्राहक-यंत्राचा, यावर दूरसंचार आणि विमान वाहतूक क्षेत्रांचे एकमत नाही. तांत्रिकदृष्ट्या दोष ग्राहक-यंत्राचा, या बाजूला अधिक वजन आहे.

29 नोव्हेंबर 2022 च्या पत्राने दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2,100 मीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरच्या आत 3300–3670 पट्ट्यातील 5जी केंद्रे उभारण्यास मनाई केली. त्यापुढील 540 मीटरमध्ये शक्तीवर मर्यादा घातली. विमानांतील फिल्टर बदलून होईपर्यंतची ही तजवीज होती. एअरटेलने ज्या विमानतळांवर केंद्रे उभारल्याचे वृत्तपत्रांत आले, त्यांत नागपूर आणि पुण्याचा समावेश होता. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. लष्करी विमानांच्या उंचीमापकांबाबत जाहीर तपशील नाही. खराडीची मुख्य वस्ती मनाईच्या पट्ट्याबाहेर येते.

जीएमआरटी. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ही रेडिओ-दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिच्यात आहेत. हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्झ रेषेसाठी 1400–1427 हा पट्टा जगभर राखीव आहे. पण राखीव पट्टा जवळच्या हायड्रोजनलाच उपयोगी पडतो. विश्वाच्या प्रसरणाने दूरच्या दीर्घिकांची रेषा खाली सरकते. 2020 मध्ये जीएमआरटीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला तो 550–850 मेगाहर्ट्झच्या ग्राहक-यंत्रांनी, एकेका दीर्घिकेचा संकेत टिपता येत नसल्याने हजारो दीर्घिकांचे संकेत एकत्र करून. 5जीच्या 700 पट्ट्यातील टॉवरचे प्रक्षेपण (758–803) नेमके याच पट्ट्याच्या आत येते आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. तिथे वेधकर्त्याला बिघडलेली माहिती कापून टाकण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी आयआयटी मुंबईने आजच्या पालघर जिल्ह्यातील खामलोलीत चाचणी घेतलेला, दूरदर्शनच्या मोकळ्या वाहिन्यांचा 470–590 हा पट्टाही काही अंशी दुर्बिणीच्या टप्प्यात मोडतो. ती चाचणी खोडदपासून दूर होती.

उपग्रह. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला भारतात जून 2025 मध्ये परवाना मिळाला. या उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक्समधून 110–188 मेगाहर्ट्झमध्ये अनाहूत गळती होत असल्याचे युरोपातील लोफार दुर्बिणीने 2023 मध्ये नोंदवले. जीएमआरटीचा 120–250 चा पट्टा काही अंशी त्याच आवाक्यात येतो. टॉवर डोंगराआड ठेवता येतो, माथ्यावरून जाणारा उपग्रह नाही.

वीजतारांवरील ब्रॉडबँड. त्यामुळे लघुलहरींवर व्यत्यय येतो, असा हौशी रेडिओचालकांचा आक्षेप होता. अमेरिकेतील मनासस शहराने ही सेवा 2010 मध्ये बंद केली.