पेट्रोलातील मद्यार्काची कुळकथा

मोटारसायकल पूर्वीइतके ॲव्हरेज देत नाही, ही तक्रार अहिल्यानगर जिल्ह्यातील पेट्रोल पंपांवर हल्ली वारंवार कानी येते. आणि ज्या द्रव्यावर तिचा ठपका ठेवला जातो, त्या इथेनॉलचे कुळ शोधू गेल्यास वाट याच जिल्ह्याच्या उसाच्या फडात येऊन पोहोचते.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखालच्या माळजमिनी उसाखाली आल्या, आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाचे साह्य घेऊन, लोणीजवळ शेतकऱ्यांच्याच मालकीचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. साखरेमागोमाग मळी आली. स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा हा काळा, चिकट द्रव ओढ्यात सोडावा तर पाणी नासते, साठवावा तर टाक्या पुरत नाहीत. आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन करावे तर मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, निघतो खरा, परंतु त्यावर आबकारी खात्याचा अंमल आणि परवान्यांचा पहारा.

मद्यार्क इंजिनात जाळण्याची कल्पना काही नवी नव्हे. ‘पॉवर अल्कोहोल’चा केंद्रीय कायदा १९४८ सालीच झाला होता. खरी अडचण पाण्याची होती. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क शेकडा ९५-९६ च्या पुढे शुद्ध होत नाही, आणि उरलेले पाणी पेट्रोलशी एकजीव न होता तळाशी वेगळा थर धरते. ते पाणी निपटून काढणाऱ्या रेणवीय चाळण्या आसवन्यांत बसल्या, तेव्हा मार्ग मोकळा झाला. २००१ साली शेजारच्या मनमाडला आणि मिरजेला पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा हुकूम लागू झाला. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले.

आता तक्रारीतील तथ्य पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जुन्या चारचाकींच्या बाबतीत घटीचा अंदाज एवढाच धरला, दुचाकींत तीन-चार टक्के.

अकोले तालुक्यात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. तिच्या कुशीतल्या वाड्यांकडे चढताना हवा विरळ होत जाते, आणि कार्बुरेटरच्या जुन्या गाडीला हवेच्या मानाने पेट्रोल अधिक मिळू लागते, म्हणजे काही इंधन पुरते न जळताच वाया जाते. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू असल्याने ते जळायला हवा कमी मागते. त्यामुळे उंचीने बिघडलेले प्रमाण मिश्रण थोडेफार सावरते, मात्र लिटरमधली हरवलेली ऊर्जा त्याने परत येत नाही. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत संवेदक हवा मोजून पेट्रोल सोडतात, तेव्हा उंचीचा हा तोटा जवळजवळ नाहीसा होतो.

जुन्या गाडीला उंचीपुढे इलाज नाही. मिश्रणाचे मात्र तसे नाही. ऊर्जा कमी, म्हणून अशा पेट्रोलचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, अशी शिफारस त्याच समितीने २०२१ साली केली होती. मळीला मोल आले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्या शिफारशीची अंमलबजावणी व्हावी असे मी आग्रहाने म्हणतो.