नाशिकचा तुरुंग, समाजवादी पक्ष आणि बामनिया



ब्रिटनमधील मजूर पक्ष १९०० साली उदयास आला तो प्रामुख्याने कामगार-संघांच्या बळावर. खाणी होत्या, गिरण्या होत्या, त्यांत राबणाऱ्यांचे संघ होते. त्या संघांना पार्लमेंटात आपली माणसे हवी होती, म्हणून पक्ष झाला. जर्मनीत पक्ष आणि कामगार-संघ जवळजवळ बरोबरीने वाढले, आणि १९१२ च्या निवडणुकीत तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष कायदेमंडळातील सर्वांत मोठा पक्ष ठरला. आपल्याकडे मात्र समाजवादी पक्षाचा जन्म झाला तुरुंगात, आणि तोही पुस्तके वाचणाऱ्या तरुणांमध्ये. या एका फरकाने पुढचे पुष्कळसे ठरवून टाकले, असे मला वाटते.

१९३२-३३ च्या सुमारास, कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी मंडळी नाशिकच्या कारागृहात एकत्र आली. जयप्रकाशांनी अमेरिकेत शिकताना मार्क्स वाचला होता. मसानी लंडनहून शिकून आले होते. तिकडे बर्लिनमध्ये मिठावरील करावर प्रबंध लिहून राममनोहर लोहिया १९३३ मध्ये परतले, ते जर्मनीतील अनर्थ जवळून पाहूनच. समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांशी भांडत राहिले आणि हिटलरने दोघांनाही गिळले. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ सभासदांनी मते दिली. तीन महिन्यांच्या आत त्या पक्षावर बंदी आली.

हे ताजे उदाहरण डोळ्यांसमोर असताना १७ मे १९३४ रोजी पाटण्यास आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली पहिली परिषद भरली, आणि काँग्रेस सोशलिस्ट पक्ष स्थापन झाला. नावातच सारे आले. मोठ्या घरात राहावयाचे, पण आपली चूल वेगळी. स्वातंत्र्याचा लढा चालू होता तोवर ही तडजोड निभावली. १९४२ च्या भूमिगत चळवळीत तर या लोकांनी पराक्रमाची शर्थ केली. स्वराज्य आल्यावर मात्र वेगळी चूल घरधन्यास खुपू लागली. १९४८ च्या आरंभी काँग्रेसने अंतर्गत पक्षांना मज्जाव केला, आणि मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. तो ज्या अधिवेशनात घेतला, ते भरले होते नाशिकलाच.

मग आली १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. समाजवादी पक्षाला देशभरात सुमारे साडेदहा टक्के मते मिळाली आणि लोकसभेत जागा मिळाल्या अवघ्या १२. कम्युनिस्टांना मते सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, तरी जागा १६! हे गणित मी वर्गात मुलांपुढे मांडतो तेव्हा ती प्रथम विश्वासच ठेवीत नाहीत. कारण साधे आहे. कम्युनिस्टांची मते थोड्या मुलुखांत घट्ट बसलेली होती, समाजवाद्यांची देशभर विखुरलेली. मजूर पक्षाला वेल्सच्या खाणींचे खोरे होते. आमच्या समाजवाद्यांना असे हक्काचे खोरे क्वचितच लाभले.

पराभवानंतरचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो फारसा आनंददायक नाही. १९५२ मध्ये किसान मजदूर प्रजा पक्षाशी मीलन होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत गोळीबार झाला. लोहियांनी स्वपक्षीय मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. लोकशाही समाजवादी सरकारने निःशस्त्रांवर गोळी चालवावी काय, हा प्रश्न लोहियांनी विचारला तो योग्यच होता. त्या वादातून १९५५ च्या अखेरीस पक्ष दुभंगला. १९६४ मध्ये पुन्हा जुळला, लगेच पुन्हा तुटला, १९७१ मध्ये पुन्हा एक झाला आणि १९७७ मध्ये जनता पक्षात विलीन होऊन गेला.

परंतु निवडणुकांच्या आकड्यांवरून या पक्षाचे मोजमाप करणे मला अपुरे वाटते. मे १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहाची तुकडी घेऊन नानासाहेब गोरे पोर्तुगीज हद्दीत शिरले. मागोमाग मधु लिमये गेले. दोघांनीही प्रदीर्घ कारावासाच्या शिक्षा पत्करल्या. गोव्याचे पीटर अल्वारिस हे आमच्या ख्रिस्ती समाजातले समाजवादी. कामगारांचे पुढारी, आणि पोर्तुगीज राजवटीविरुद्ध ठाम उभे राहिलेले. पोर्तुगीज गेल्यावर १९६३ मध्ये ते गोव्यातून लोकसभेत निवडून आले.

आणि आता आपल्या मुलुखाकडे येतो. मुंबई-आग्रा रस्ता नाशिकवरून निघून धुळे, सेंधवा करीत खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि आमच्या धामनोदमध्ये येतो. त्या रस्त्याच्या वायव्येस, रतलाम-गोध्रा रेल्वेवर, झाबुवाच्या डोंगराळ भागात बामनिया नावाचे छोटे स्टेशन आहे. तेथे मामा बालेश्वर दयाल राहिले. मूळचे उत्तर प्रदेशातील, शिक्षकी पेशाचे. भिल्लांवर लादलेली वेठबिगार, जागीरदारांची पिळवणूक आणि दारूचे व्यसन यांविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले. कारखान्याचा भोंगा ज्या लोकांनी कधी ऐकला नव्हता, त्यांच्यात लाल टोपीचा समाजवाद रुजला. युरोपातल्या ग्रंथांत ज्यांचा उल्लेखही नाही असे हे शेतकरी! धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला जन्मलेल्या जमुनादेवी पुढे काँग्रेसमध्ये जाऊन मध्य प्रदेशाच्या उपमुख्यमंत्री झाल्या. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात याच समाजवादी चळवळीतून झाली.

मामा १९९८ च्या डिसेंबरात वारले. तोवर त्यांच्या पक्षाचे नाव कित्येकदा बदलले होते. त्यांची समाधी बामनियाला आहे. दर वर्षी डिसेंबरात त्यांच्या पुण्यतिथीला झाबुव्याचे, रतलामचे आणि राजस्थानच्या बांसवाड्याकडचे भिल्ल तेथे जमतात. कित्येक जण डोंगरातून पायी येतात, समाधीवर नारळ ठेवतात, रात्रभर भजने म्हणतात आणि सकाळी परत फिरतात.