आधी मागे कोण हटणार? वऱ्हाडात निकाली निघालेले १८०३ चे युद्ध

#थ्रेड

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातले अडगाव, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी. २९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर १८०३ या महिनाभरात, याच पट्ट्यात, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दक्षिणेतील निकाल लागला.

लढायांची वर्णने पुस्तकांत भरपूर सापडतात. युद्ध का झाले, याचे उत्तर मात्र बहुधा दोन शब्दांत उरकले जाते : ‘वसईचा तह’. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. तहावर सही झाली ३१ डिसेंबर १८०२ रोजी आणि अहमदनगरावर हल्ला झाला ८ ऑगस्ट १८०३ रोजी. मधले सात महिने कोणीही गोळी झाडली नाही. तरीही, किंबहुना त्याच सात महिन्यांत, युद्ध अटळ झाले. ते कसे, हे आज पाहू.

थोडी पार्श्वभूमी. १८०० साली नाना फडणवीस गेले आणि मराठा सरदारांच्या भांडणांना आवर घालणारा हात पुण्यात उरला नाही. शिंदे-होळकरांचे वैर आधीच पेटलेले होते. १८०१ मध्ये बाजीराव दुसऱ्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचले.

तहाची कलमे मोजकी, पण जिव्हारी लागणारी होती. पेशव्यांच्या राज्यात कंपनीच्या सहा पलटणी कायम राहणार, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला मिळणार आणि इतर सत्तांशी बोलणे कंपनीच्या संमतीवाचून करायचे नाही. म्हणजे मराठा राज्यमंडळाच्या प्रमुखाचे परराष्ट्रकारण कलकत्त्याच्या हाती गेले. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले (दुसरे) यांचा आक्षेप नेमका येथे होता : आम्हाला न विचारता आमच्या धन्याने हा करार केलाच कसा?

गंमत अशी, की खुद्द धन्यालाही तो नकोच होता. एकीकडे इंग्रजांच्या बळावर पुण्याच्या गादीवर परतायचे आणि दुसरीकडे शिंदे-भोसल्यांना गुप्त निरोप धाडायचे, असा बाजीरावांचा दुहेरी खेळ चालला होता. १३ मे १८०३ रोजी ऑर्थर वेलस्लीच्या फौजेच्या पहाऱ्यात ते पुन्हा पुण्यात स्थानापन्न झाले.

आता कलकत्त्याची बाजू पाहू. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हा ऑर्थरचा थोरला भाऊ. हिंदुस्थानात फ्रेंचांचा शिरकाव होईल, ही त्याची जुनी चिंता. शिंद्यांच्या उत्तरेतील कवायती पलटणींचा सेनापती पेराँ फ्रेंच होता आणि युरोपात १८०३ च्या मे महिन्यात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा सुरू झाले. चिंता सर्वस्वी बनावट नव्हती. सोयीची मात्र नक्कीच होती. भोसल्यांच्या ताब्यातील ओडिशाचा किनारा बंगाल आणि मद्रास या कंपनीच्या दोन प्रांतांच्या मधोमध पडत होता. तो मिळवण्याचा विचार युद्ध सुरू होण्यापूर्वीच झालेला होता.

मेच्या अखेरीस शिंद्यांच्या छावणीतील रेसिडेंट कर्नल कॉलिन्स याने त्यांना स्पष्टच विचारले, की तुमचा इरादा काय? शिंद्यांचे उत्तर असे, की भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की तह ते तुम्हाला कळेल. कॉलिन्सने हे धमकी म्हणून कलकत्त्याला कळवले. शिंद्यांच्या बाजूने पाहिले, तर भोसल्यांशी मसलत केल्यावाचून त्यांना दुसरे उत्तर देताच आले नसते. एकच वाक्य एका छावणीत सावधपणाचे ठरले आणि दुसऱ्या छावणीत उद्दामपणाचे.

जूनच्या आरंभी शिंदे आणि भोसले मलकापूरच्या परिसरात भेटले. दोन्ही फौजा निजामाच्या सरहद्दीशी होत्या. निजाम कंपनीचा अंकित मित्र, म्हणून वेलस्लीची फौजही पुढे सरकली. आता ती पुढे आली, म्हणून शिंदे-भोसल्यांना मागे जाणे धोक्याचे वाटू लागले.

वेलस्लीची मागणी होती, की शिंद्यांनी नर्मदेपार आणि भोसल्यांनी नागपूरला परत जावे. मग मीही मागे जाईन. दोघांचा प्रतिप्रस्ताव असा : इंग्रज फौजांनी मुंबई, मद्रास आणि श्रीरंगपट्टण या आपापल्या मूळ ठाण्यांवर जावे, त्या जेथे ज्या दिवशी पोहोचतील, त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपुरास पोहोचू.

वाचकहो, येथे क्षणभर नकाशा उघडून पाहा. बऱ्हाणपूर त्यांच्या छावणीपासून थोड्या मजलांवर. श्रीरंगपट्टण कित्येकशे मैल दूर, तेही भर पावसाळ्यात. वेलस्लीला हा प्रस्ताव थट्टेचा वाटला. पण त्याची मागणी तरी समतोल होती का? शिंद्यांनी दख्खन सोडायची आणि पुण्यात मात्र कंपनीच्या पलटणी कायम राहायच्या! मागे हटायला दोन्ही पक्ष तयार होते. पण आपण हटल्यावर दुसरा पुढे येणार नाही, याची हमी द्यायला कोणीच नव्हते. पूर्वी अशी हमी पुणे दरबार देत असे. आता तो दरबारच भांडणाचा विषय झाला होता.

दोन गोष्टींनी घाई वाढवली. पहिली, युद्ध आणि तह यांचे पूर्ण अधिकार जुलैमध्ये ऑर्थर वेलस्लीच्या हाती आले. कलकत्त्याला विचारून उत्तर येण्यात जे आठवडे गेले असते, आणि कदाचित डोकी थंड झाली असती, ते आठवडेच नाहीसे झाले. दुसरी, पाऊस. नद्यांना पूर असला, की मराठ्यांच्या घोडदळाची चपळाई निम्मी होते, हे वेलस्लीने हेरले होते. थांबण्यात त्याचे नुकसान होते. माझ्या मते, तह की युद्ध या प्रश्नाचा कल येथेच ठरला. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि पाच दिवसांनी तोफा सुरू झाल्या.

पुढचे वेगाने घडले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईची भीषण लढाई झाली, ऑक्टोबरात कटक आणि अशीरगड गेले. उत्तरेत दिल्ली इंग्रजांकडे गेली. होळकर अलिप्त राहिले. नोव्हेंबरात शिंद्यांनी वेलस्लीशी तात्पुरती युद्धबंदी केली; तिच्यात भोसले नव्हते. आघाडी फुटली, पण दोघांच्या फौजा वऱ्हाडात एकमेकींजवळच राहिल्या.

२९ नोव्हेंबर. अडगावच्या मैदानात भोसल्यांचे बंधू व्यंकोजी यांची फौज उभी होती आणि शेजारी शिंद्यांचे घोडदळ. शिंद्यांचे वकील इंग्रज छावणीतच होते. ‘हल्ला करू नका’ म्हणून विनवीत होते. शिंद्यांनी ठरलेल्या ठिकाणी फौज हलवलेली नाही, म्हणून युद्धबंदी लागू नाही, असे वेलस्लीने सांगितले. मराठी तोफांचा पहिला मारा इतका नेमका होता, की असईला खंबीर राहिलेल्या त्याच्या देशी पलटणी मागे पळाल्या. त्यांना त्याने स्वतः आवरले. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांकडे गेले, ३८ तोफा हाती लागल्या आणि पाठलाग चांदण्यात चालू राहिला.

उरलेले पायदळ गाविलगडात शिरले. दक्षिणेकडचा कडा अवघड, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट फोडत उत्तरेच्या बाजूने तोफा चढवल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. आतला तट शिड्या लावून ओलांडला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांच्याकडे राहिले. ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर सोडले. ज्या वऱ्हाडाच्या महसुलात निजाम आणि भोसले पिढ्यान्‌पिढ्या वाटेकरी होते, त्याची मालकी त्या प्रदेशातील एकाही माणसाला न विचारता बदलली. फौजांनी तुडवलेल्या दख्खनवर त्याच सुमारास, १८०३-०४ मध्ये, भयंकर दुष्काळ कोसळला.

यशवंतराव होळकर या युद्धात का उतरले नाहीत आणि १८०४ मध्ये एकटेच का लढले, हा स्वतंत्र विषय आहे. तो पुढच्या थ्रेडमध्ये.