बंब, भाण आणि गोबर

गेल्या वर्षी दिवाळीला महिनाभर असताना बेळगावहून एक जुना तांब्याचा बंब घरी घेऊन आलो. गाडीतून उतरवून पडवीत ठेवला आणि मोठ्या अभिमानाने आईला हाक मारली. आई आली, तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, खालच्या जाळीत बोट घालून पाहिले आणि एवढेच विचारले, "आनी हाचो गोबर कोण काडटलो?"

गोबर म्हणजे आपल्या कोकणीत राख. त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते.

बंबाचे वेड मला शहापूरच्या मावशीकडे लागले. मे महिन्यात आम्ही मुले बेळगावला जात असू, तेव्हा तिच्या मोरीत असाच एक बंब फुरफुरत असे. बाहेरून तो नुसता उभट पिंप दिसतो, पण त्याच्या पोटातून एक नळकांडे आरपार गेलेले असते. खाली जाळी, जाळीवर पेटलेले कोळसे, भोवती पाणी. वर टाकलेला कोळसा नळीतून आपोआप खाली उतरतो आणि जाळाची ऊब बाहेर पडण्याआधी चहूबाजूंनी पाण्याला मिळते. रशियातला चहाचा समोवार याच तत्त्वावर चालतो. तूला या गावात 1778 साली समोवारचा कारखाना निघाला आणि पुढे त्या गावाचे नावच समोवारशी जोडले गेले.

लहानपणी मला एक कोडे पडे. मावशीकडे बंब, मग आमच्याकडे भाण का? आमच्या न्हाणीत चुलीवर कायमचे बसवलेले तांब्याचे मोठे भाण होते. रुंद बुडाचे, बाहेरून काळेकुट्ट. दोन्ही घरांत तांबे तेच, पाणी तेच आणि आंघोळही तीच.

उत्तर सरपणात आहे. गोव्यात माडाच्या बागायतीत चुडते, पिडे, सोडणे, करवंट्या यांना तोटा नव्हता. हे जळण भसाभस पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते. त्याला उघडी चूल आणि रुंद बूडच हवे. अर्धी ऊब वाया गेली तरी कोणाच्या खिशाला चाट बसत नसे. बेळगावात, पुण्यात शहरातल्या माणसाला कोळसा वखारीतून तोलून विकत आणावा लागे. तिथे प्रत्येक निखाऱ्याचा हिशेब होता. जळण विकत घ्यायची वेळ आली की माणूस यंत्र शोधतो.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने 1740 च्या सुमारास लोखंडी शेगडी तयार केली आणि 1744 साली तिच्यावर एक पुस्तिका छापली. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या दारात मिळणारे लाकूड आता काही गावांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावे लागते, अशी तक्रार त्याने तीत केली आहे. फिलाडेल्फियाची शेगडी आणि शहापूरचा बंब, दोघांचे मूळ एकाच टंचाईत आहे.

यात एक गंमतही आहे. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आला असे सांगतात. आगीच्या बंबात तो अर्थ अजून दिसतो. बालदी आणि घमेले हे शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राहिले आमच्याकडे, आणि त्यांच्या शब्दाची वस्तू मात्र घाटावरच्या मोऱ्यांत!

असो. माझा बंब मोडीच्या दुकानात तांब्याच्या भावाने वितळायला निघाला होता. जाळी गंजून गेली होती, तोटी गळत होती आणि बुडाकडचा सांधा सुटला होता. डाख लावणारा कारागीर शोधण्यात तीन रविवार गेले. अखेर सापडले ते गृहस्थ सत्तरीच्या घरातले. त्यांनी सांधा घासून लख्ख केला, नवसागर फिरवला, डाख उतरवला आणि रात्रभर पाणी भरून ठेवायला सांगितले. सकाळी खाली एक थेंबही नव्हता. निघताना त्यांनी बजावले, "जाळ असताना बंब रिकामा करू नका. आधी थंड पाणी घाला, मग गरम काढा."

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. कथील आणि शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळू लागतो. आत पाणी आहे तोवर सांधा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपले की सांधा सुटलाच. मावशी हाच नियम ओरडून सांगायची, तेव्हा आम्हाला तो तिचा कडक स्वभाव वाटे.

बंब न्हाणीत बसवायचा माझा विचार मात्र सोडून द्यावा लागला. आताच्या न्हाणीला फरशा, बंद दार आणि वीतभर खिडकी. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणूस बसल्या जागी दगावतो. जुन्या न्हाण्यांची कौले आणि फटी धूर बाहेर सोडत, ती सोय आता राहिलेली नाही. म्हणून मागच्या पडवीत, तिन्ही बाजूंनी उघड्या जागी, चिऱ्यांचा कट्टा बांधून त्यावर बंब ठेवला. बिमलां चोळून घासल्यावर तांबे लालबुंद झाले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आईने आपण होऊन त्याच्या गळ्यात कारीटांची माळ घातली. पहाटे साडेचारला मी निखारे घातले. आई शेजारी येऊन बसली आणि हळूहळू बोलू लागली. पावसाआधी सोडणे सुकवून माळ्यावर रचायची. ती ओली झाली तर चार महिने डोळ्यांत धूर. विहिरीवरून सोळा कळशा पाणी. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत जाळ सांभाळायचा, आणि तिच्या वाट्याला येई ते कोमट पाणी. 1994 साली गिझर आला आणि बाबांनी भाण मोडीत दिले, तेव्हा मी रडलो होतो. त्याच रात्री ती पहिल्यांदा निवांत झोपली होती, हे मला तीस वर्षांनी कळले.

सरपण फुकट होते म्हणून आमच्याकडे भाण टिकले, असे मी वर लिहिले. ते अर्धेच खरे आहे. सरपणाच्या बरोबरीने आईचे कष्टही फुकट धरले होते. त्यांची नोंद कुठल्याच वखारीच्या वहीत झाली नाही.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी बंब पेटतो. पहिले कढत पाणी आईचे, असा घरात नियम केला आहे. दुपारी जाळी थंड झाली की मी राख घमेल्यात काढतो आणि माडाच्या आळ्यात नेऊन टाकतो. आई पायरीवर बसून पाहत असते. परवा म्हणाली, "कोनशाक रावलो मरे थोडो." मी पुन्हा वाकलो.