गोवा मुक्ती (१९६१) : आर्थिक नाकेबंदी आणि आंतरराष्ट्रीय प्रतिक्रिया

प्रस्तावना :
एका राष्ट्राने दुसऱ्याच्या ताब्यातील भूमीवर सैन्य पाठविले की त्याचे पडसाद दोन ठिकाणी उमटतात. एक संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात निषेधाच्या रूपाने आणि दुसरे बाजारपेठेत निर्बंधांच्या रूपाने. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर रशिया व बेलारूस या प्रमुख निर्यातदार देशांकडून होणारा पालाश खताचा पुरवठा विस्कळीत झाला आणि किमती चढल्या. पालाशासाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. त्यामुळे शिरूर व दौंडसारख्या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांनाही दूरदेशीचे हे युद्ध परके राहिले नाही. परंतु भारत स्वतः एकेकाळी निर्बंध लादणारा आणि पुढे जागतिक निषेधाला सामोरा जाणारा देश होता, याचे स्मरण क्वचितच केले जाते. प्रस्तुत लेखात गोव्याच्या संदर्भात या दोन्ही भूमिकांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नाकेबंदीची पार्श्वभूमी :
१९४७ नंतरही पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझार याने गोवा सोडण्यास नकार दिला. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून गोव्याला वसाहतीऐवजी 'सागरपार प्रांत' ठरविण्यात आले. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर चळवळीला वेग आला. पुण्यातील गोवा विमोचन सहायक समितीच्या पुढाकाराने सत्याग्रहींच्या तुकड्या निघू लागल्या. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने गोव्यात प्रवेश केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. यानंतर भारताने पोर्तुगालशी असलेले संबंध तोडले, गोव्याकडे जाणारी रेल्वे वाहतूक बंद केली आणि व्यापारावर कडक निर्बंध घातले.

नाकेबंदीचे परिणाम :
अन्नधान्य, भाजीपाला व नित्योपयोगी वस्तू घाटावरून आणि लगतच्या प्रदेशातून मिळेनाशा झाल्या की पोर्तुगीज राजवट नमेल, अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. पोर्तुगालने पर्यायी मार्ग शोधले. पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडमधून बटाटे, तर सिलोनमधून चहा गोव्यात येऊ लागला. १९५५ मध्येच दाबोळी येथे विमानतळ उभारून स्वतंत्र विमानसेवा सुरू करण्यात आली. जपान व पश्चिम जर्मनीकडे होणाऱ्या लोहखनिजाच्या निर्यातीने राजवटीस परकीय चलन मिळवून दिले. झळ बसली ती प्रामुख्याने सामान्य गोमंतकीयांना. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाची गावाकडील आईवडिलांशी होणारी भेट दुर्घट झाली. निर्बंध ज्यांच्या मुक्तीसाठी लादले गेले, त्यांनाच त्यांची किंमत मोजावी लागली, हा विरोधाभास येथे ठळकपणे दिसून येतो.

लष्करी कारवाई व जगाची प्रतिक्रिया :
१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने 'ऑपरेशन विजय' सुरू केले. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझारचा आदेश बाजूस सारून गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली. १८ डिसेंबरलाच सुरक्षा परिषदेची बैठक भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी युद्धबंदी व सैन्य माघारीचा ठराव मांडला. त्यास सात मते अनुकूल, तर सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची चार मते प्रतिकूल पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळेच तो ठराव फेटाळला गेला. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी हा प्रकार संयुक्त राष्ट्रसंघाच्या अस्तित्वाला धोका असल्याचे प्रतिपादन केले. भारताने मात्र वसाहतवाद हेच मूळचे आक्रमण असल्याची भूमिका घेतली. १४ डिसेंबर १९६० च्या वसाहतमुक्तीविषयक ठरावाने तिला नैतिक आधार मिळाला होता.

या निषेधाचे रूपांतर व्यापक आर्थिक निर्बंधांत झाले नाही. १९६२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीत भारताची मदत २५ टक्के कमी करण्याचा प्रयत्न झाला. पोर्तुगालने आपला राग मोझांबिकमधील भारतीयांवर काढला. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व त्यांची मालमत्ता जप्त झाली. येथेही भुर्दंड पडला तो निरपराध व्यापारी कुटुंबांनाच. पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने त्या देशाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

समारोप :
वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, पर्यायी बाजारपेठ उपलब्ध असेल तर नाकेबंदीने राजवट नमत नाही. मात्र सीमेवरचा सामान्य माणूस पोळतो. दुसरा, आंतरराष्ट्रीय निषेध हा केवळ कायद्याच्या कसोटीवर ठरत नाही, तर गट, हितसंबंध व इतिहासाची जाणीव यांवर ठरतो. गोवा मुक्ती न्याय्य होती, याविषयी भारतीय मनात शंका नाही. तथापि सुरक्षा परिषदेतील बहुमत आपल्या विरुद्ध होते, हेही सत्य आहे. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनविषयक ठरावावर आमसभेत १४१ देशांनी अनुकूल मत दिले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. गोव्यात परकी वसाहत संपुष्टात आली. युक्रेनमध्ये एका स्वतंत्र राष्ट्रावर आक्रमण झाले. हा भेद विसरून दोन्ही घटना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु इतरांच्या युद्धाविषयी मत बनविताना आपणही एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होतो, याची जाणीव ठेवणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.