हॉटेलातील सेवक आणि निलंबनाचे वेतन

आतिथ्याचा महिमा आपल्याकडे फार पुरातन आहे; पण वेतन घेऊन आतिथ्य करणाऱ्या माणसाचे हक्क अगदी अलीकडचे. ते निश्चित होण्यात दिल्लीतील तीन हॉटेलांच्या एका तंट्याचा मोठा वाटा आहे.

१९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली. तिच्या पाहुण्यांसाठी अशोक हॉटेल उभारले जात असतानाच, १९५५ साली, इम्पीरियल, मेडन्स आणि स्विस या जुन्या हॉटेलांत चालक व कामगार यांच्यात कलह उद्भवला. तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला. असा कलह प्रलंबित असता न्यायाधिकरणाच्या अनुज्ञेवाचून कामगाराला काढता येऊ नये, असा १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याचा दंडक होता. तेव्हा चालकांनी काही कामगारांना बडतर्फ करण्याचे ठरविले आणि अनुज्ञा येईपर्यंत त्यांना बिनपगारी निलंबित केले.

मग या मधल्या काळात त्या माणसाच्या घरची चूल कशी पेटावी? नोकरी सुटलेली नाही, म्हणून दुसरी धरता येत नाही. आणि काम नाही, म्हणून दाम नाही!

१९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. करारात किंवा कायद्यात आधार नसेल, तर निलंबित सेवकाचे वेतन रोखण्याचा अधिकार धन्याला नाही, हे मूळ तत्त्व न्यायालयाने सांगितले. मात्र रीतसर चौकशीनंतर बडतर्फीचा निर्णय झाला असून केवळ अनुज्ञेची वाट पाहणे उरले असेल, तर तेवढ्यापुरता बिनपगारी निलंबनाचा अधिकार गृहीत धरावा. अनुज्ञा नाकारली गेली, तर निलंबनाच्या दिवसापासूनचे सर्व वेतन चालकाने चुकते करावे. न्यायाधिकरणाला अंतरिम साहाय्य देता येते. पण ते सामान्यतः अंतिम मागणीइतके पूर्ण नसावे, असेही न्यायालयाने म्हटले.

हा निकाल कोणा एका पक्षाचा निर्भेळ विजय नव्हता. परंतु निलंबनाचा काळ हा धन्याच्या मर्जीचा काळ नव्हे, हे त्याने कायमचे ठरविले. पुढे १९८२ साली स्थायी आदेशांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, तो लागू असलेल्या आस्थापनांत निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळू लागला.

१९६२ साली दिल्लीत पुसा येथे हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. ताट कसे वाढावे, हे तेथे शिकविता येते. परंतु वाढणाऱ्याचे स्वतःचे ताट रिकामे राहू नये, ही व्यवस्थापनाची पहिली विद्या होय, आणि तिचा धडा दिल्लीने न्यायालयात गिरविला.